छपराला घातलेली कुंची

वलवणच्या बयाबाईनं मेलेला पारशी उठवला, ही गोष्ट मावळात पार सोमाटण्यापर्यंत सांगितली जाई. सांगणारा जितका लांबचा, तितका तो पारशी जास्त मेलेला असे. कामशेतच्या बाजारात तर लोक म्हणत, त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवला होता, आणि बयाबाईनं वरून हाक मारली तसा तो उठून बसला आणि चहा मागू लागला.

खुद्द बयाबाईसमोर कोणी ही गोष्ट काढली, की ती हातातली सुई कापडात खोचायची, गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि गोठ्याकडं चालू लागायची. लोक समजत, बाईला मोठेपणा आवडत नाही. तसं काही नव्हतं. मोठेपणा बयाबाईला चांगला आवडायचा. नावडायची ती ही गोष्ट, कारण ती गोष्ट अर्धीच होती, आणि उरलेली अर्धी तिच्या छातीवर दगडासारखी बसलेली होती.

बयाबाई वलवणची सून. धरणाचं तळं झालं तेव्हा तिचं सासरचं जुनं घर, दारची चिंच आणि खालचं भातखाचर पाण्याखाली गेलं, आणि माणसं वर माळाला सरकली. माळावर वारा फार. थंडीच्या दिवसांत तो तळ्यावरून येतो, पाण्याला पाठ घासत येतो, आणि माणसाच्या हाडाला विचारतो, की बाबा, आत जागा आहे का? त्या वाऱ्यावर बयाबाईनं आपलं पोट उभं केलं. जुन्या लुगड्यांच्या वाकळा ती शिवायची. थरावर थर घालायचे, कडेकडेनं धावदोरा घालत मधे यायचं, आणि टाका इतका बारीक, की कापडावर पाऊस पडून गेल्यासारखा दिसावा. तिची वाकळ अंगावर घेतली की वारा बाहेरच राहायचा. ‘बयाबाईच्या वाकळेतनं वारा जात न्हाई’ हे वाक्य लोणावळ्याच्या बाजारात दुकानदारसुद्धा म्हणत. ते कानावर आलं, की बाई ओठ मिटून घ्यायची, पण नाकपुड्या फुलायच्या.

दुसऱ्या बाईची शिवण ती कधी वाखाणत नसे. शेजारच्या सरुबाईनं एकदा हौसेनं आपली वाकळ दाखवली, तर ही म्हणाली, ‘‘सरू, टाकं घातलंस का म्हस चालवलीस गं हिच्यावरनं?’’ सरुबाई पुढं दोन महिने बोलली नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या पोटात होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं माणूस मरताना फार घुटमळू लागला, घशात घरघर लागली आणि जीव काही सुटेना, की घरातलं कोणीतरी वर चढतं आणि त्याच्या अंथरुणाच्या नेमकं वरचं एक कौल सरकवतं. जीवाला आभाळ दिसलं, की तो निघतो. बयाबाईचा नवरा अंबाजी भर आषाढात पडला. ताप छातीत उतरला आणि घरघर सुरू झाली. बयाबाई कौल काढायला उठली, तर सासू आडवी आली. ‘‘भाईर आभाळ फाटलंय. मरतानी माज्या लेकाला भिजीवतीस व्हय?’’ बयाबाई खाली बसली. अंबाजी रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस पाण्याबाहेरच्या माशासारखा तोंड उघडझाप करत राहिला. शेवटी शेजारच्या माणसानं कोणाला न विचारता कौल ओढलं. पावसाची सर अंथरुणावर आली, आणि तिच्याबरोबर अंबाजी निजल्यासारखा शांत झाला.

नवरा गेल्याचं दुःख बायका कसंतरी गिळतात. त्या घरघरीचं दुःख तिला गिळता आलं नाही. आपण उठलो होतो आणि पुन्हा बसलो, हे ती विसरली नाही.

एकोणीसशे छत्तीस सालच्या थंडीत घाटातून एक मोटार आली आणि तळ्याच्या काठच्या माळावर उभी राहिली. मोटार कसली, चाकांवर ठेवलेलं घर. पुढं इंजिन, मागं लाकडाची खोली, तिला काचेच्या खिडक्या, मागं चढायला लोखंडी शिडी. आत खाट, कपाट, मोरी. माणसं हातातली कामं टाकून बघायला गेली. मुंबईत मोटारी दुरुस्त करण्याचा कारखाना असलेले होरमसजी शेट आणि त्यांची बायको आलामाय, दोघंही सत्तरीकडं झुकलेली, त्या घरात उतरली होती. शेटच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, छातीही अधू होती. हवा चांगली म्हणून डॉक्टरनं लोणावळ्याला पाठवलं, आणि दुसऱ्याच्या बंगल्यात राहायचं नाही म्हणून शेटनं स्वतःच्या कारखान्यात हे घर मोटारीवर बांधून घेतलं. ड्रायव्हर त्यांना सोडून रेल्वेनं परत गेला. दूध, पाणी, सरपण पोचवायचं काम कोंडाजीनं घेतलं. कोंडाजी बयाबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ.

एक दिवस तो दुधाची चरवी हलवत तिच्या ओट्यापाशी आला.

‘‘वैनी, चला. पारशिणीनं बोलीवलंय. तिच्या घराला टोपरं शिवायचंय.’’

‘‘घराला टोपरं?’’

‘‘व्हय. घराच्या डोसक्याला भोक हाय. त्यातनं ऊन येतंय ते नेमकं म्हाताऱ्याच्या डोळ्यावं.’’

‘‘भावजी, सकाळीच घेतलीसा का?’’

‘‘घेतली असती तर घराला पायबी सांगितलं असतं. चला तर खरं.’’

बयाबाई गेली आणि पाहिलं तर कोंडाजी खोटं बोलत नव्हता. मोटारघराच्या छपराला बरोबर मधे चौकोनी झरोका होता. त्याला हातभर उंचीची लाकडी चौकट, वर काचेचं झाकण, आणि ते झाकण आतून काठीचा टेकू देऊन वितभर उघडं ठेवलेलं, हवा खेळावी म्हणून. खाली बरोबर शेटची खाट. शेट काळा चष्मा लावून उताणे पडले होते.

‘‘ये डिकरी,’’ आलामाय म्हणाली. मुंबईचं मराठी आणि घरची गुजराती यांची तिनं खिचडी केली होती, पण खिचडी कळायची. ‘‘बघ, दिवसभर सूरज आमच्या शेटला त्रास देते. वरून एक पडदा पाहिजे. बाहेरून घालायचा, काढायचा. दिवसा घालायचा, रात्री काढायचा. समजली? हवा यायला पाहिजे.’’ तिनं निळं, पातळ सुती कापड पुढं केलं. ‘‘ह्याचाच कर. दुसरा काही नको.’’

‘‘आणि बाई,’’ शेट खाटेवरून म्हणाले, ‘‘माप नीट घे. आलामायनं माझे सगळे सदरे लहान शिवले. सत्तर वर्षं मी श्वास आत ओढून बसलो आहे.’’

बयाबाई हसली. माणूस तिला आवडला. ती शिडीनं वर चढली, आणि दोऱ्याला गाठी मारत चौकटीची लांबी, रुंदी, झाकणाची उंची घेतली. खाली उतरली तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात तिला कोळशाची शेगडी दिसली. रात्री ऊब राहावी म्हणून पेटवत असतील, असं तिच्या मनात आलं. तेवढंच आलं. त्यापुढं काही आलं नाही.

घरी येऊन तिनं निळं कापड मांडीवर पसरलं, आणि तिला ते बरं दिसेना. उजेडाकडं धरलं तर पलीकडची शेळी दिसत होती. एकपदरी, पातळ, कोरं कापड माणसाच्या तोंडावर येणार, अगदी खाटेच्या वर. एकपदरी कोरं कापड आपण कोणाच्या तोंडावर टाकतो? ते हात लावताच तिच्या अंगावर काटा आला. जित्या माणसावर घालायचं तर दुपदरी घालावं, शिवून घालावं, त्यात ऊब असावी. लहान मुलाला कुंची शिवताना आपण अस्तर लावतोच ना? मग हे छपराचं डोकं असलं म्हणून काय झालं? शिवाय पहाटेचं दव. मावळातलं दव म्हणजे बिनढगांचा पाऊस. ते त्या पातळ कापडातून टपटप म्हाताऱ्याच्या छातीवर पडायचं.

ती बाजारात गेली. मोटारींचे हुड आणि तंबू शिवणाऱ्या इब्राहिमभाईचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. त्याच्याकडं मेणकापड मिळे, ज्यातून पाण्याचा थेंब जात नाही.

‘‘टोपऱ्याला मेणकापड?’’ इब्राहिमभाईनं कात्री थांबवली. ‘‘बयाबाई, शेटाणीनं सांगितलंय का?’’

‘‘तिला काय ठावं मावळची थंडी? ती मुंबईची. तितं घाम येतोय.’’

‘‘माझं ऐका, गिऱ्हाईकानं सांगितलं तेवढंच शिवावं. जास्तीचं शिवलं की भांडण होतं.’’

‘‘माज्या शिवणीवरनं आजवर भांडान झालंय?’’

‘‘तुमच्या तोंडावरनं झालंय,’’ इब्राहिमभाई म्हणाला, आणि हसत हसत त्यानं मेणकापडाचा तुकडा फाडून दिला.

बयाबाईनं ती कुंची जीव ओतून शिवली. वर आलामायचं निळं कापड, आत मांजरपाट, आणि दोन्हींच्या मधे, कोणाला दिसणार नाही असं, मेणकापड. कडेला नेफा, नेफ्यात सुताची नाडी. चौकटीवरून कुंची ओढायची, झाकणावर फुगवटा बसवायचा, आणि खाली नाडी आवळून गाठ मारायची. टाके तिनं नेहमीपेक्षाही बारीक घातले. मोटारवाले शेट आहेत, लोखंडाची कामं करणारे. त्यांनीही बघावं, की सुईनं काय होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं स्वतः छपरावर चढून कुंची बसवली. ती इतकी नेमकी बसली, की बयाबाई वरच बसून तिच्यावरून हात फिरवत राहिली. खाली खोलीत सावली झाली. शेटनं काळा चष्मा काढून उशाला ठेवला.

‘‘अरे वा! आलामाय, मला वाटलं संध्याकाळ झाली. चहा आण.’’

आलामायनं बयाबाईचे दोन्ही हात धरले. मग म्हणाली, ‘‘आता कोंडाजी रात्री येऊन काढेल ना?’’

कोंडाजी डोकं खाजवू लागला. थंडीत दिवेलागणीला माळावर यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आणि बयाबाई, आपली कुंची बसून एक घटकासुद्धा झाली नाही तोवर काढायची म्हणतात, म्हणून मनातून हिरमुसली होती.

‘‘असू द्या की रातच्यालाबी,’’ ती म्हणाली. ‘‘दव पडतंय वरनं. शेटच्या छातीला बरं न्हाई ते. ऊबबी आतल्या आत ऱ्हाईल. बघा एक रात.’’

‘‘हवा?’’

‘‘हवेला काय, मोप हाय हितं. हवाच खायला आलायसा न्हवं?’’

सगळे हसले. आलामायही हसली आणि म्हणाली, ‘‘ठीक आहे, एक रात.’’

आता आमच्या माणसाला हे कसं सुचावं? मावळातलं कौलारू घर सगळीकडून श्वास घेतं. चूल पेटवा, शेकोटी करा, ओली लाकडं घाला, धूर कौलांच्या फटींतून निवांत निघून जातो. घर बंद करून बसता येतं, हेच मुळी आम्हाला ठाऊक नाही. दार लावलं तरी वारा आत असतो, तो घरातलाच एक माणूस आहे. फळ्यांना फळ्या चिकटवून, काचा बसवून केलेली ती खोली कशी असते, हे बयाबाईला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं त्या खोलीचं नाक बांधलं, आणि कौतुकाचे शब्द ऐकून डोंगराएवढी होऊन घरी गेली.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. बयाबाई अंगणात शेणसडा घालत होती. तेवढ्यात कोंडाजी धावत आला. चरवीतलं दूध त्याच्या धोतरावर सांडलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

‘‘वैनी... दार उगडंना.’’

‘‘कुटलं दार?’’

‘‘त्या मोटारीचं. हाका मारल्या, थापा मारल्या. काचंतनं बगितलं. पारशीण दारापाशी खालीच पडलीया. आन म्हातारा...’’ त्याला धाप लागली. ‘‘म्हाताऱ्याला घरघर लागलीया. तोंड उगडं, आन घरघर घरघर. म्या पाटलाला सांगाया चाललोय. पोलीस येतील. तुमी तिकडं हात लावू नगा कशाला.’’

बयाबाईच्या हातातली बादली खाली पडली.

तिला पारशीण दिसली नाही, पोलीस दिसले नाहीत. तिला दिसलं ते छप्पर. म्हाताऱ्याच्या खाटेच्या नेमकं वर तिची कुंची, आत मेणकापड, खाली आवळलेली नाडी. आणि खाली घरघर. अंबाजीची घरघर.

‘‘भावजी,’’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, ‘‘वर माजं कापाड हाय. जीव जाईल कुटनं?’’

कोंडाजी काही बोलायच्या आत ती पळत सुटली. पदर कमरेला खोचलेला, हात शेणानं भरलेले, आणि पन्नाशीची ती बाई कुसळांतून अनवाणी धावली. मोटारीच्या मागची शिडी बर्फासारखी गार होती. ती चढली. छपरावर दव साचलं होतं, तिचे गुडघे घसरत होते. कुंचीपाशी पोचून तिनं नाडीला हात घातला.

नाडी सुटेना. रात्रभर दव पिऊन सूत फुगलं होतं आणि गाठ खारकेच्या बीसारखी घट्ट झाली होती. तिनं नखं लावली. नख मोडलं. खालून घरघर येत होती, मंद, लांबून आल्यासारखी, आणि मधेच थांबत होती. थांबली की बयाबाईचंही काळीज थांबे. मग ती पालथी पडली, आणि आपलीच शिवण दातांत धरली. जिनं जन्मभर टाका उसवू नये म्हणून डोळे फोडले, ती आपलाच टाका कुत्र्यासारखा दातानं तोडत होती. नेफा फाटला. तिनं कुंची दोन्ही हातांनी ओढून काढली आणि मागं भिरकावली. वितभर उघडं काचेचं झाकण तिनं बिजागरीपासून सगळंच उलटं पाडलं.

खालून गरम, कोंदट वाफ तिच्या तोंडावर आली. डोकं गरगरलं. तिनं तोंड बाजूला केलं, परत आत डोकावलं.

शेटचा चेहरा बरोबर तिच्या खाली होता. गुंजेसारखा लाल. बयाबाईनं मेलेले पिवळे पाहिले होते, काळे पाहिले होते, लाल कधी पाहिला नव्हता. पण आता विचार करायला वेळ नव्हता. तिनं शेणाचे हात जोडले, आणि जे अंबाजीला म्हणायचं राहून गेलं होतं, ते ती त्या परक्या म्हाताऱ्याला म्हणाली.

‘‘शेट, वाट मोकळी हाय. बाईची काळजी करू नगा, आमी हाय. मागं बगू नगा. जा.’’

घरघर थांबली.

तळ्यावरचा वारा तिच्या पाठीवरून आला, तिचा पदर उडवून त्या चौकटीत शिरला. बयाबाईनं डोळे मिटले. गेला, असं ती मनात म्हणाली. सुटला बिचारा.

आणि खालून मोठ्ठा खोकला आला.

तिनं डोळे उघडले. म्हाताऱ्याची छाती भात्यासारखी वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. तो खोकला, त्यानं मान हलवली, पापण्या उचलल्या आणि सरळ वर, तिच्या डोळ्यांत पाहिलं.

बयाबाईची किंकाळी तळ्याच्या पलीकडं ऐकू गेली म्हणतात. ती मागच्या मागं सरकली, छपराच्या कडेवरून घसरली आणि खाली कोंडाजीच्या अंगावर पडली. पाटलाकडं निघालेला कोंडाजी वहिनीच्या मागं मागं तिथंच आला होता.

‘‘मेला का?’’ तो ओरडला.

‘‘न्हाई!’’ बयाबाईचे दात वाजत होते. ‘‘आला! माघारी आला!’’

तेवढ्यात आतून आलामायचं कण्हणं ऐकू आलं. मेलेली माणसं कण्हत नाहीत, एवढं कोंडाजीलाही ठाऊक होतं. शेटची काच फोडायची कशी, म्हणून मघापासून भीत असलेल्या त्या माणसानं काठी उगारली, खिडकी फोडली, हात घालून कडी काढली, आणि दोघांनी मिळून त्या दोघांना ओढून बाहेर गवतावर आणलं.

बाजारातून डॉक्टर आले तोवर ऊन वर आलं होतं. आलामाय झाडाला टेकून बसली होती, ओकून ओकून दमलेली. दाराच्या फटीपाशी पडली म्हणून ती थोडक्यात वाचली होती. शेट वाकळेत गुंडाळलेले, डोकं धरून बसले होते. डॉक्टर खोलीत जाऊन आले. विझलेली शेगडी त्यांनी काठीनं हलवली.

‘‘बंद खोलीत कोळसा,’’ ते म्हणाले. ‘‘विषारी वायू साठतो. झोपेतच माणूस जातो. रोज पेटवत होता?’’

‘‘रोज,’’ आलामाय म्हणाली. ‘‘पण वरचं उघडं असायचं.’’

गवतावर पडलेली निळी कुंची डॉक्टरांनी उचलली. बोटांत चुरली. उन्हाकडं धरली. उन्हाचा एक ठिपकाही पलीकडं आला नाही.

‘‘काय शिवलंय!’’ ते म्हणाले. ‘‘पाणी जाणार नाही, हवा जाणार नाही, काही जाणार नाही. आत मेणकापड कोणी घातलं?’’

कोंडाजी जमिनीकडं बघत होता. जन्मभर जे शब्द ऐकायला बयाबाई धडपडली, तेच ते शब्द होते. यातून वारा जात नाही.

‘‘म्या,’’ ती म्हणाली.

‘‘आणि सकाळी काढलं कोणी?’’

‘‘हिनंच,’’ कोंडाजी घाईनं म्हणाला. ‘‘वर चढून, दातानं तोडून.’’

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. ‘‘आणखी थोडा उशीर झाला असता, तर यांतलं कोणी उरलं नसतं. बाई, तुमच्यामुळं वाचले हे.’’

बयाबाईला वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. कोणी थट्टा करत नव्हतं. गावची माणसं जमली होती आणि कौतुकानं बघत होती. सरुबाईसुद्धा. तिथंच त्या गोष्टीला पाय फुटले आणि ती गावोगाव निघाली. बयाबाई मात्र तशीच उभी. तिच्या हाताला शेण होतं, दातांत निळा दोरा अडकलेला होता. आपलं कापड मारणारं होतं, आणि आपण गेलो होतो ते मरणाऱ्याला वाट द्यायला. जगवायचं तर या दोन्हींत कुठंच नव्हतं.

ती घरी गेली. त्या दिवशी तिनं भाकरी थापली नाही, आणि पुढं आठवडाभर सुईला हात लावला नाही.

आठवड्यानं तिनं सुई घेतली ती कुंची उसवायला. मेणकापड काढून तिनं इब्राहिमभाईला परत नेऊन दिलं. त्यानं तिला पाणी पाजलं. मग आपलं एक जुनं लुगडं तिनं काढलं. धुऊन धुऊन इतकं विरलेलं, की त्यातून फुंकर आरपार जावी. त्याची एकपदरी कुंची शिवली. एकपदरी कापड माणसाच्या डोक्यावर घालायचं तिला अजूनही पटत नव्हतं, तरी शिवली. नाडीच्या टोकांना गाठ मारली नाही, सुटा फासा ठेवला. एका ओढीनं निघेल असा.

ती माळावर गेली तेव्हा शेट खुर्चीत बसले होते.

‘‘आली बघ, आमचा फरिश्ता!’’ ते म्हणाले. ‘‘बाई, मी डोळे उघडले ना, वर नुसता उजेड आणि उजेडात एक तोंड. मी म्हटलं, होरमसजी, पोचलास तू. मग बघितलं, तोंडात दात काळे. म्हटलं, फरिश्ते मिश्री कधीपासून लावायला लागले?’’

आलामाय हसली. बयाबाई हसली नाही. कुंची मांडीवर ठेवून ती खाली गवतावर बसली.

‘‘शेट, मला बोलायचंय.’’

‘‘बोल.’’

‘‘ते मेणकापाड म्या घातलं. बाईंनी नगं म्हटलंलं. रातच्याला ऱ्हाऊ द्या, ह्येबी मीच म्हटलं.’’

‘‘ते माहीत आहे आम्हाला,’’ आलामाय हळूच म्हणाली. ‘‘आणि धावत तूच आली.’’

‘‘तुमाला वाचवाया न्हाई आले मी.’’ तिला आता थांबता येत नव्हतं. ‘‘वाचत्यात कशानं, मला काय ठावं? मला वाटलं तुमी चाललायसा. जीव आडकलाय, वर माजं कापाड हाय. तुमाला जायाला वाट करून द्याया आले मी. जा म्हटलं तुमाला. हात जोडून म्हटलं.’’

वारा तळ्यावरून येत होता. काळ्या चष्म्याआडून शेट कुठं बघत होते, कळत नव्हतं.

‘‘मला ऐकू आलं होतं,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘कोणीतरी म्हणत होतं, बाईची काळजी करू नका, आम्ही आहोत. तूच का ती?’’

बयाबाईनं मान हलवली.

‘‘मला सत्तर वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं,’’ शेट म्हणाले. मग त्यांनी हात पुढं केला. ‘‘दे ती नवी टोपी. बघू, ह्यातून मला श्वास घ्यायला देतेस का?’’

त्यांनी ते विरलेलं लुगडं तोंडाशी धरलं आणि त्यातून मोठा श्वास घेतला. कापड आत ओढलं गेलं, बाहेर आलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. बयाबाई ते हलणारं कापड बघत राहिली आणि तिथंच, परक्या माणसांसमोर, ती हुंदके देऊन रडली. कोणासाठी रडली, ते तिनं सांगितलं नाही. आम्हाला वाटतं, त्यात अंबाजी होता.

मोटार होळीच्या आधी परत गेली. छपरावर ते जुनं लुगडं होतं, घाट उतरताना ते फडफडत होतं.

बयाबाईनं पुढं पुष्कळ वाकळा शिवल्या. टाका तसाच बारीक, तोंड तसंच तिखट. पण बाजारातली माणसं एक खोड काढू लागली. तिच्या प्रत्येक वाकळेचा एक कोपरा बोटभर उघडा असे. तिथं टाकाच नसे. म्हातारीची नजर गेली, असं लोक म्हणत. एकदा सरुबाईनं संधी साधलीच. नवी वाकळ उलटून तिनं तो कोपरा पुढं केला.

‘‘बये, हितं टाका ऱ्हायला गं तुजा.’’

बयाबाईनं वर न बघता सुईत दोरा ओवला.

‘‘ऱ्हायला न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘ठिवलाय.’’